‘क्रांतिकारी’ कुणाला म्हणायचं?

साब ९०० म्हटलं की गाडीवेडे हळवे होतात. १९७८ची गाडी, वळणदार काच, टर्बो, दोन सीटांच्या मधे किल्ली. देखणी आहेच, मलाही हवीय, खोटं कशाला बोलू? पण तिला ‘क्रांतिकारी’ म्हणू नका. तो मान व्होल्वो अ‍ॅमेझॉनचा. (शॉपिंगवाली नव्हे.) कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा सीटबेल्ट १९५९मध्ये आला तो तिच्यात आणि तिच्या बहिणीत, पीव्ही५४४मध्ये. तो बनवणारा निल्स बोलिन त्याआधी साबमध्येच विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचा! व्होल्वोने पेटंट घेतलं आणि इतर कंपन्यांनाही ते फुकट वापरू दिलं. म्हणून तो पट्टा आज तुमच्याही गाडीत आहे. मागे बसल्यावर तुम्ही तो लावत नाही, ही गोष्ट वेगळी.