नुसता 'व्हायरस' म्हणू नका, त्याचं नाव विचारा



हे पत्रक उसाचं, आणि त्यात टोमॅटो कुठून आला, असं काहीजण म्हणतील. पण आपल्या जळकोट भागात ज्याच्या विहिरीला थोडंबहुत पाणी टिकतं, तो सभासद उसाच्या कडेला अर्धा-एक एकर टोमॅटो लावून बघतोच. उसाचं बिल वर्षाने हातात पडतं, टोमॅटोचा पैसा तोडा झाला की येतो. घरखर्च त्यावर निघतो. म्हणून हा विषय सभासदांचाच आहे.

वजनकाट्यावर एका सभासदाने सांगितलं, "भाऊ, सगळा प्लॉट गेला. व्हायरस आला." विचारलं, कोणता? तर म्हणाले, "व्हायरस म्हंजे व्हायरस. त्यात आणखी कोणता काय असतो?" माझं म्हणणं असं की आपलं नुकसान इथंच होतं. रोगाचं नाव न विचारता आपण दुकानात जातो आणि देतील ती बाटली घेऊन येतो. रोग राहतो, उधारी वाढते.

2020 च्या उन्हाळ्यातली गोष्ट आठवा. पुणे, सातारा, तेव्हाचा अहमदनगर, या जिल्ह्यांत टोमॅटो एकसारखा पिकेना. फळावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे. लोकांनी त्याला 'तिरंगा व्हायरस' नाव ठेवलं. टोमॅटो खाल्ल्याने माणसाला रोग होतो अशी अफवा उठली आणि भाव आणखी पडला. खरं तर झाडाचा विषाणू माणसाला लागत नाही. नमुने बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेत गेले, तेव्हा निघाला तो मुख्यतः काकडीवरच्या मोझॅकचा जुनाच विषाणू, आणि त्याच्या जोडीला इतरही. म्हणजे ज्याला सगळे एक नवा रोग म्हणत होते, तो जुन्या रोगांचा मेळा होता.

आता हे वेगळेपण शेतात काय फरक करतं ते पाहा. पानं आकसून वर वळतात, झाड खुजं राहतं, तो बोकड्या. तो पांढरी माशी पसरवते. शेंडा करपतो, फळावर गोल कडी उठतात, तो भुईमुगाच्या शेंडेमरचाच विषाणू. तो फुलकिडे आणतात. काकडीचा मोझॅक मावा आणतो, आणि माव्याला तो झाडात सोडायला काही सेकंद पुरतात. औषधाने मावा मरेपर्यंत त्याचं काम होऊन गेलेलं असतं. चौथा प्रकार कीड नसतानाही पसरतो, मजुराच्या हाताने, कात्रीने, बियाण्यातून. चार रोगांना एकच फवारा कसा चालेल?

बरं, एकट्या बोकड्याचेही प्रकार पुष्कळ. आपल्या देशात 1948 साली या रोगाची शास्त्रीय नोंद झाली. पुढे त्याच्या विषाणूंना गावांची नावं पडली : नवी दिल्ली, बंगळूर, आपलं पुणेसुद्धा. या विषाणूचा मुख्य मजकूर सुमारे 2,700 अक्षरांचा. दोघांचा मजकूर शंभरात 91 अक्षरांपेक्षा कमी जुळला तर शास्त्रज्ञ त्यांना वेगळी जात धरतात. एकाच झाडात दोन जाती शिरल्या तर त्या आपले तुकडे अदलाबदल करतात आणि तिसरीच उभी राहते. 2023 च्या खरिपात सोयाबीन पिवळं पाडणारा मोझॅकही याच कुळातला, माशीही तीच.

म्हणून पाकिटावर 'व्हायरस-प्रतिकारक' एवढं वाचून भुलू नका. कोणत्या व्हायरसला, ते दुकानदाराला विचारा. बोकड्याला टिकणारं वाण शेंडेमरला टिकेलच असं नाही. आणि आज टिकणारं वाण उद्या विषाणू बदलला की हार खातं. को 740 ची सद्दी गेली, को 86032 आला, हे आपण उसात पाहिलंच आहे.

रोग लागलेल्या झाडाला बरं करणारं औषध अजून नाही. राहतात ते राखणीचे उपाय. रोपं बारीक जाळीखाली वाढवा. प्लॉटभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी आधीच लावा. पिवळे-निळे चिकट सापळे टांगा. बांधावरचं गाजरगवत, धोतरा, कामोणी काढा. सुरुवातीची रोगट झाडं उपटून पुरा. गवताळ वाढीची उसाची बेटं आपण जशी खणून काढतो, तसंच. जुना प्लॉट संपला की उपटून टाका. तो उभा ठेवून शेजारी नवा लावणं म्हणजे रोगाला घर बांधून देणं. आणि हे एकट्याने करून भागत नाही. माशीला बांध कळत नाही. शिवाराने मिळून केलं तरच उपयोग.

शेवटी कारखान्याकडे एक मागणी. निरोगी बेण्यासाठी त्रिस्तरीय बेणेमळ्याचा मार्ग सहकारानेच आपल्या अंगवळणी पाडला. मग रोगट पानांचे नमुने गोळा करून परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवण्याची सोय शेतकी खात्याने का करू नये? गटवार नमुने गेले तर खर्च वाटला जाईल, आणि कोणत्या शिवारात कोणता विषाणू आहे हे लागवडीआधी कळेल. टोमॅटोत बुडालेला सभासद उसाला खत कशातून घालणार? त्याचं नुकसान शेवटी कारखान्याच्याच गव्हाणीत दिसतं.

येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडावा, ही सर्वांना नम्र विनंती.

जय सहकार!