तहानेने राखलेलं रान

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं श्रेय निसर्गप्रेमाला देण्याचा मोह होतो. खरं श्रेय मुंबईच्या तहानेचं. 1860 साली विहार तलाव पुरा झाला, पुढे तुळशी आला आणि पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचं रान राखलं गेलं. आज सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या पट्ट्यात बिबटे नांदतात आणि भिंतीला लागून इमारती उभ्या आहेत.

राष्ट्रीय उद्यान ही कल्पना मात्र अमेरिकेची. 1872 साली यलोस्टोन राखीव झालं. तिथे पिढ्यानपिढ्या शिकार करणाऱ्या शोशोनी लोकांना हटवल्यावरच ते ‘अस्पर्श’ ठरलं! 1886 ते 1918 या काळात तर तिथे लष्कराचा पहारा होता.

बोरिवलीला असं कोरं रान कधी नव्हतंच. कान्हेरीची शंभरावर लेणी, त्यांच्या तोंडाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी, वारल्यांचे पाडे, शेंदूर फासलेला वाघोबा, हे सगळं उद्यानाच्या पाटीआधीचं. जंगलात राहणाऱ्यांचा हक्क कायद्याने मान्य व्हायला 2006 साल उजाडलं, आणि अंमलबजावणीचं घोडं अजून पेंड खातंय.

या अंकात म्हणूनच वाघांची छायाचित्रं कमी आहेत; पाड्यांवरची माणसं जास्त भेटतील.