न विचारता गेलेली रक्कम आणि तीन दिवसांची मुदत

नांदेडचा मोंढा असो वा लातूरची गंजगोलाई, रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद करायचे नाही, हा व्यापारी कुटुंबांचा जुना रिवाज आहे. गल्ल्यातील दहा रुपयांचा फरक त्याच रात्री शोधला जातो. बँकेचा उतारा मात्र महिनाअखेरीस उघडला जातो. खात्यातून परस्पर वळत्या झालेल्या रकमेच्या बाबतीत हा विलंब महागात पडतो.

धोक्याचे स्वरूप नांदेडने पाहिले आहे. जानेवारी २०२१ मध्ये शंकर नागरी सहकारी बँकेच्या, दुसऱ्या बँकेतील खात्यातून सायबर चोरट्यांनी सुमारे साडेचौदा कोटी रुपये वळते केले. बँकेचीच ही गत, तर सामान्य खातेदाराने किती सावध असावे!

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या जबाबदारीची चौकट आखली. त्याच वर्षी डिसेंबरात ती सहकारी बँकांनाही लागू झाली. चूक बँकेची असेल, तर ग्राहकावर कोणताही भार नाही. चूक दोघांचीही नसून तिसऱ्याची असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार झाली, तरीही भार नाही. चार ते सात दिवस लागल्यास बचत खाते व लघुउद्योगांचे कॅश क्रेडिट खाते यांसाठी कमाल १०,००० रुपयांचा भार ठरला. त्यानंतर बँकेचे धोरण लागू होते. मात्र ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचेच. दोष ग्राहकाचा होता, हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे.

हा नियम केवळ कागदावरचा नाही. मुंबईतील एका आयुर्वेद औषध कंपनीच्या खात्यातून ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे ७७ लाख रुपये गेले. लोकपालाने तक्रार फेटाळली; तरीही जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश बँकेला दिला.

हप्त्यासाठी दिलेल्या नाच अधिकारपत्राचा प्रश्न वेगळा आहे. कर्ज फिटल्यावरही हप्ता कापला जात असेल, तर अधिकारपत्र रद्द करण्याचा लेखी अर्ज बँक आणि वित्तसंस्था, दोघांकडे देऊन पोच घ्यावी. देणे बाकी असताना खाते रिकामे ठेवून कपात रोखणे मात्र अंगलट येते. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ नुसार, नोटीस मिळूनही १५ दिवसांत रक्कम न भरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

फसवणूक दिसताच १९३० वर कळवावे आणि बँकेकडून तक्रार क्रमांक घ्यावा. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. रोजमेळाच्या वहीशेजारी बँकेचा उताराही रोज पाहिला जावा. तीन दिवसांची मुदत मग हातची जाणार नाही.