काठावरची वेल

नक्षीची पट्टी काढणे हे फावल्या वेळाचे, केवळ शोभेचे काम आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. साडीचा काठ, उंबरठ्यावरची रांगोळी, वहीच्या समासातील वेल ही त्याच पट्टीची रूपे. या समजामुळेच बाजारात मिळणारे तयार साचे आपण निःशंकपणे वापरतो. एक पान गिरवायचे, साचा पुढे सरकवायचा, पुन्हा तेच गिरवायचे. पट्टी सुबक होते, यात शंका नाही. परंतु अशा रीतीने चित्रकला शिकता येते, हे मला मान्य नाही.

बंगळुरूच्या लालबागेचेच उदाहरण घ्या. हैदर अलीने १७६० मध्ये या बागेची सुरुवात केली. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन या सुमारास तेथे पुष्पप्रदर्शन भरते व फुलांभोवती लोकांची रीघ लागते. पट्टी काढू इच्छिणाऱ्याने मात्र फुलांआधी पानांकडे पाहावे, असे मी म्हणेन. बागेपर्यंत जाणे शक्य नसेल, तर दारातील तुळस पुरेशी आहे.

तुळशीची पाने जोडीने येतात. देठाच्या एका बाजूस एक, तर बरोबर समोर दुसरे. जणू मध्ये आरसा धरला आहे. सीताफळाच्या फांदीवर मात्र एक पान उजवीकडे फुटते, थोडे अंतर सोडून पुढचे डावीकडे. ओल्या वाळूत चालत गेलेल्या माणसाची पावले अशीच उमटतात. सरळ पट्टीवर एखादी आकृती पुन्हा पुन्हा मांडण्याच्या रीती सातच आहेत, हे गणिताने सिद्ध केले आहे. त्यांपैकी दोन आपल्याला या दोन फांद्यांवर सापडल्या.

आता तुळस कागदावर उतरवू लागा, म्हणजे खरी अडचण कळेल. पानांची दुसरी जोडी पहिलीच्या काटकोनात असते. तिचे एक पान आपल्याकडे येते आणि एक मागे लपते. सपाट पट्टीवर ते कसे दाखवावे? ती जोडी गाळावी, की आडवी करून बसवावी? शिरा किती ठेवाव्यात? पानाच्या कडेवरील दाते घ्यावेत, की कड गुळगुळीत करावी? याची उत्तरे झाडाजवळ नाहीत आणि पुस्तकातही नाहीत. ती काढणाऱ्याला स्वतःच ठरवावी लागतात. नक्षीतील कला आहे ती या ठरवण्यात. साचा वापरणाऱ्याच्या वाट्याला यांतील एकही प्रश्न येत नाही, कारण दुसऱ्या कोणीतरी ते आधीच सोडवलेले असतात.

महाराष्ट्रात जिला आपण इरकल म्हणतो, ती साडी कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची. तिच्या पदरावर फणीचे दाते, किल्ल्याचा तट, डोंगरांची रांग आणि ज्वारीची कणसे विणलेली असतात. त्या कणसात दाणे मोजता येत नाहीत, पानेही नाहीत. तरीही ज्वारीच्या मुलखातील बाईला ते ओळखू येते. काय ठेवावे आणि काय गाळावे, हे कोणीतरी शेताकडे नीट पाहून ठरवले असले पाहिजे.

नवशिक्याने आधी गिरवूच नये काय, असे कोणी विचारील. अक्षरे आपण गिरवूनच शिकतो, हे खरे. परंतु तुमचे ‘क’ आणि माझे ‘क’ सारखे असले, तरच पत्र वाचता येते. तुमचे पान आणि माझे पान सारखे असण्याची गरज नाही. म्हणून गिरवणे चार दिवस असावे, हात वळेपर्यंत, पुढे नाही.

हा प्रश्न पोटापाण्याचाही आहे. १८०४ मध्ये फ्रान्समध्ये जॅकार्डने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणाऱ्या मागाचे पेटंट घेतले, आणि नक्षी पुन्हा पुन्हा विणण्याचा भार यंत्रावर गेला. आज संगणक तेच काम क्षणात करतो. एक पान दिले, तर तो हजार पाने देईल, आणि हाताने काढलेल्या पानांपेक्षा अधिक सारखी देईल. त्याच्याशी सारखेपणात स्पर्धा करणे व्यर्थ आहे. आखीव कागदाच्या चौकटी भरून काठाचे पहिले पान मांडणारा माणूस मात्र अजूनही लागतो. विणकाम, भरतकाम किंवा छपाई शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला कमाईची वाट मिळेल ती या पहिल्या पानापाशी, असे मला वाटते.

पट्टी सरळ जात असते तोवर साचाही साथ देतो. कागदाच्या कोपऱ्याशी वेल वळवायची वेळ येते, तेथे पान अर्ध्यावर तुटते. ते तिरपे करावे, लहान करावे, की त्या जागी कळी ठेवावी? अशा वेळी खरी फांदी कशी वळते, हे पाहण्यासाठी पुन्हा झाडाकडेच जावे लागते.