जिन्याच्या मधल्या पायऱ्या : जेहान दारूवाला आणि भारतीय फॉर्म्युला शर्यतीचा अर्धवट इतिहास

१/
११ फेब्रुवारी २०२३. हैदराबादेत हुसेन सागराच्या काठचे रस्ते बंद करून फॉर्म्युला ई या विद्युत कारच्या जागतिक मालिकेची शर्यत झाली. फ्रान्सचा जाँ-एरिक व्हेर्न जिंकला. महिंद्रा संघाच्या यादीत राखीव चालक म्हणून एका २४ वर्षांच्या मुंबईकराचे नाव होते : जेहान दारूवाला. त्या दिवशी त्याच्या वाट्याला कार नव्हती.

२/
ही कथा नांदेड-लातूरच्या वाचकांसाठी हैदराबादपासून सुरू करण्यास कारण आहे. १९४८पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेडहून हैदराबाद आजही पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास, आणि मुंबई त्याच्या दुप्पटीहून दूर. मराठवाड्याच्या इतक्या जवळ जागतिक दर्जाची कारशर्यत त्यापूर्वी कधी आली नव्हती.

३/
दर वेळी फॉर्म्युला १चा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : एवढ्या मोठ्या देशात वीस-बावीस जागांपैकी एकीवरही बसेल असा चालक का निघत नाही? त्यामागे गृहीत धरलेले उत्तरही ठरलेले असते. आपल्यात ते रक्तच नाही. इतिहासाच्या कसोटीवर हे उत्तर टिकत नाही, आणि ते न टिकण्याचा सर्वांत चांगला पुरावा जेहानच आहे.

४/
आधी ही शिडी समजून घ्यावी लागेल. मूल सात-आठ वर्षांचे असताना गो-कार्टवर बसते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी एकआसनी, उघड्या चाकांच्या छोट्या कारमध्ये येते. पुढे फॉर्म्युला ४ किंवा फॉर्म्युला रेनॉ, मग फॉर्म्युला ३, मग फॉर्म्युला २, आणि सर्वांत वर फॉर्म्युला १. वर जाण्यासाठी ‘सुपर लायसन्स’ लागते. २०१६पासून त्याचा नियम कडक आहे : वय किमान १८ आणि आधीच्या तीन मोसमांतून मिळून ४० गुण.

५/
हे गुण कसे मिळतात, हे पाहिले की लातूरच्या कोणत्याही विद्यार्थ्याला गुणवत्ता यादीची आठवण होईल. फॉर्म्युला २मध्ये मोसमाअखेर पहिल्या तिघांना पूर्ण ४० गुण. चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १०. सातव्याला? आठ. तिसऱ्या आणि सातव्या क्रमांकांत प्रत्यक्ष मार्गावर फरक फेरीमागे सेकंदाच्या काही दशांशांचा असतो; यादीत तो पाचपटीचा होतो.

६/
जेहानचा जन्म १ ऑक्टोबर १९९८चा, मुंबईतील पारशी कुटुंबातला. रेयोमंद बनाजी या अनुभवी राष्ट्रीय कार्टिंग विजेत्याच्या मार्गदर्शनाखाली तो घडू लागला. २०११मध्ये विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया संघाने देशभर चालकशोध मोहीम घेतली. तीन मुले निवडली गेली : अर्जुन मैनी, तरुण रेड्डी आणि जेहान. बक्षीस होते युरोपात कार्टिंग करण्याची संधी.

७/
त्या संधीचे मोल दोन वर्षांत दिसले. २०१३मध्ये जेहानने ज्युनियर गटाची ब्रिटिश कार्टिंग स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत तिसरा आला. ज्या मुलात ‘रक्तच नाही’ असे म्हटले जाते, तो पंधराव्या वर्षी जगातल्या समवयस्कांत तिसरा होता. फरक एवढाच की तोवर तो मुंबईत राहिला नव्हता, युरोपच्या आखाड्यात उतरला होता.

८/
पुढची वर्षे थोडक्यात. २०१५मध्ये फॉर्म्युला रेनॉ. २०१७च्या आरंभी न्यूझीलंड ग्रां प्रीमध्ये विजय. त्याच वर्षी युरोपीय फॉर्म्युला ३मध्ये जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या नोरिसरिंगवर पहिला क्रमांक.

९/
आणि मग २०१९, जिथे थांबायलाच हवे. त्या वर्षी फॉर्म्युला ३च्या नव्या जागतिक मालिकेत इटलीच्या प्रेमा संघाकडे तीन चालक होते : रशियाचा रॉबर्ट श्वार्ट्झमन, न्यूझीलंडचा मार्कस आर्मस्ट्राँग आणि जेहान. मोसमाअखेर तिघांनी पहिले तीन क्रमांक घेतले. श्वार्ट्झमन २१२ गुण, आर्मस्ट्राँग १५८, जेहान १५७. दोन शर्यती जेहानने जिंकल्या. एका गुणाने दुसरा क्रमांक हुकला. कार एक, संघ एक, अभियंते एका छताखालचे. गुणवत्ता मोजण्याची याहून स्वच्छ प्रयोगशाळा या खेळात क्वचितच मिळते.

१०/
श्वार्ट्झमन त्याच्याहून सरस होता, हे मान्य केलेच पाहिजे. पन्नासहून अधिक गुणांचे अंतर नशिबाने पडत नाही. पण तो कुठल्या पायऱ्यांवरून आला तेही पाहावे. त्याचा जन्म १९९९चा तेल अवीवमधला, बालपण सेंट पीटर्सबर्गमध्ये. २०१३च्या सुमारास एका रशियन बँकेच्या पाठबळावर ‘एसएमपी रेसिंग’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याने कार्टपासून फॉर्म्युला १पर्यंत रशियन मुलांना टप्प्याटप्प्याने पैसा पुरवला. २०१८मध्ये सर्गेई सिरोत्किन त्याच वाटेने विल्यम्स संघात पोहोचला. श्वार्ट्झमनला त्या कार्यक्रमाचा आधार मिळाला आणि पुढे फेरारीच्या अकादमीत जागाही मिळाली. विटाली पेत्रोव हा पहिला रशियन चालक २०१०मध्ये फॉर्म्युला १मध्ये उतरला, सोचीत २०१४पासून ग्रां प्री होऊ लागली. वरचा मजला आणि मधला जिना एकाच काळात बांधला गेला.

११/
भारताने नेमके उलटे केले. छप्पर आधी घातले. ग्रेटर नोएडाजवळ हर्मान टिल्केने आखलेले बुद्ध सर्किट २०११मध्ये उभे राहिले. २०११, २०१२, २०१३ अशा तीन ग्रां प्री झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. उत्तर प्रदेश सरकारने शर्यतीला क्रीडा न मानता मनोरंजन मानले, करांचा वाद पेटला, आणि चौथे वर्ष उजाडलेच नाही. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आयकराबाबतचा निकालही आयोजक कंपनीच्या विरोधात गेला.

१२/
ग्रां प्री गेल्याचे दुःख अनेकांनी केले. पण खरा तोटा तो नव्हताच. तीन वर्षांच्या त्या झगमगाटात दहा वर्षांच्या मुलासाठी जिल्ह्याच्या गावी एखादा कार्टिंग मार्ग, शालेय वयोगटाची मालिका, पुढच्या टप्प्याची शिष्यवृत्ती, यांतले काहीही टिकाऊ स्वरूपात उभे राहिले नाही. फोर्स इंडियाची शोधमोहीमही खासगी होती. मालकाचे दिवस फिरले आणि २०१८मध्ये संघच दुसऱ्या हातात गेला.

१३/
महाराष्ट्राचा नकाशा तर याहून रिकामा. भारतात फॉर्म्युला कारच्या शर्यती प्रामुख्याने ज्या तीन मार्गांवर झाल्या, ते चेन्नई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा येथे आहेत. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५०च्या दशकापासून शर्यती भरवतो आहे, आधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर, नंतर इरुंगट्टुकोट्टईला. नारायण कार्तिकेयन (फॉर्म्युला १, २००५) आणि करुण चंढोक (२०१०) हे देशाचे दोन्ही फॉर्म्युला १ चालक तामिळनाडूतून आले, हा योगायोग मुळीच नव्हे. महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग मार्ग आहे आणि तेथे राष्ट्रीय स्पर्धाही झाल्या आहेत. पण लातूरहून कोल्हापूर म्हणजे सोलापूरमार्गे दिवसभराचा प्रवास, आणि नांदेडहून त्याहूनही अधिक.

१४/
वेगाची ओढ मात्र इथे परकी नाही. मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवर शंकरपट हा शब्द उच्चारला तरी गर्दी जमते. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला, तेव्हा गावोगाव गुलाल उधळला गेला. घराच्या ट्रॅक्टरवर लहानपणीच हात बसलेली मुले शोधायला फार हिंडावे लागत नाही. (ट्रॅक्टर चालवणे म्हणजे कार्टिंग नव्हे, हे खरे. पण यंत्राची भीती नसणे ही या खेळातली निम्मी पूर्वतयारी असते.)

१५/
शिडी गावाजवळ आली की काय होते, याचे उत्तर लातूरने एका वेगळ्या क्षेत्रात दिले आहे. १९७०मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले, डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे संस्थापक प्राचार्य. जादा तास, वारंवार चाचण्या, प्रत्येक विद्यार्थ्याच्या चुकांची नोंद, अशी ती शिस्त. पुढे तिला ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पडले आणि बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत मागास म्हणवल्या जाणाऱ्या भागातील मुलांची नावे झळकू लागली. नांदेडने शिकवणीवर्गांच्या रूपाने तीच वाट धरली. १९९४मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, तेव्हा पहिले कुलगुरूही वाघमारेच होते.

१६/
त्या पॅटर्नचे दोष ठाऊक आहेत : घोकंपट्टी, वाढती फी, कोवळ्या वयावर पडणारा ताण. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. १९७०च्या आधी आणि नंतर लातूरच्या मुलांचे रक्त बदलले नव्हते. पायऱ्या तयार झाल्या होत्या.

१७/
अर्थात ही तुलना फार ताणू नये. देशात वैद्यकीय पदवीच्या जागा लाखावर आहेत, फॉर्म्युला १मध्ये वीस-बावीस. फॉर्म्युला २च्या एका मोसमाचा खर्च पंधरा ते वीस कोटी रुपयांच्या घरात जातो असे अंदाज आहेत. शेती विकूनही तो भागणारा नाही. जेहानच्या पाठीशी संपन्न उद्योजक कुटुंब होते. नसते, तर तो शोधमोहिमेपर्यंतही पोहोचला नसता. ‘जिद्द असेल तर सर्व काही शक्य’ असे या खेळाच्या बाबतीत नांदेडच्या मुलाला सांगणे ही त्याची फसवणूक आहे.

१८/
आणि संपन्न घरालाही मर्यादा असते, हे २०२०नंतर दिसले. जेहान रेड बुलच्या युवा चमूत गेला आणि कार्लिन संघातून फॉर्म्युला २मध्ये उतरला. तेथे त्याचा साथीदार होता जपानचा युकी त्सुनोदा. मोसम संपला तेव्हा त्सुनोदा तिसरा आणि जेहान बारावा. पण अखेरच्या दिवशी, ६ डिसेंबर २०२०ला, बहारीनच्या साखिर मार्गावरील छोट्या शर्यतीत जेहान पहिला आला आणि त्सुनोदा दुसरा. नव्या फॉर्म्युला २ मालिकेत शर्यत जिंकणारा जेहान हा पहिला भारतीय. दहा दिवसांनी त्सुनोदाची फॉर्म्युला १मधील जागा जाहीर झाली.

१९/
त्सुनोदा त्या वर्षी अधिक वेगवान होता, याबद्दल वाद नाही. मात्र तो सुझुकाच्या शर्यतशाळेतून आला होता. १९६२मध्ये तेथे मार्ग बांधणारी होंडा कंपनी त्याच्यामागे होती, आणि तीच होंडा रेड बुलच्या दोन्ही संघांना इंजिने पुरवत होती. जेहानमागे असा देशी कारखाना नव्हता. जगातील सर्वांत मोठ्या वाहनबाजारांत भारताची गणना होते, तरी ही स्थिती आहे. या साऱ्या हकिकतीत खरी खंत वाटावी अशी जागा हीच.

२०/
२०२१मध्ये मोंझा आणि अबू धाबी येथे विजय, एकूण सातवा. २०२२मध्ये पुन्हा प्रेमा संघात, मोंझाची मुख्य शर्यत जिंकली, पुन्हा सातवा. वर सांगितलेली यादी आठवावी : सातव्याला आठ गुण. त्या उन्हाळ्यात मॅक्लारेनने सिल्व्हरस्टोनवर आपली आदल्या वर्षीची फॉर्म्युला १ कार त्याला चालवायला दिली. तो त्या दाराला सर्वांत जवळचा क्षण ठरला.

२१/
श्वार्ट्झमनचे पुढे काय झाले? २०२०मध्ये फॉर्म्युला २त चार विजय, त्याच वर्षी कोविडने वडिलांचा मृत्यू, २०२१मध्ये उपविजेतेपद. मग युक्रेनवरील आक्रमणानंतर सोचीची ग्रां प्री रद्द झाली, रशियन पैसा आणि परवाना दोन्ही अडचणीत आले. तो इस्रायलच्या परवान्यावर फेरारीचा चाचणीचालक राहिला, पण फॉर्म्युला १ची एकही शर्यत त्याला मिळाली नाही. मे २०२५मध्ये मात्र अमेरिकेच्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत त्याने नवखा असूनही सर्वांत पुढची जागा पटकावली. असे १९८३नंतर प्रथमच घडले. बांधलेली शिडीही राजकारणाने एका रात्रीत काढून घेतली जाते. मात्र तिच्यावरून चढताना आलेले कौशल्य दुसऱ्या देशात उपयोगी पडते.

२२/
या दोघांना ‘अपयशी’ म्हणणाऱ्यांनी २०१९चा तो तक्ता पुन्हा पाहावा. जागतिक फॉर्म्युला ३मध्ये तिसरा आलेला भारतीय हा देशाच्या मोटारशर्यतीच्या इतिहासातील मोठा टप्पा आहे. आणि तो टप्पा बहुतांशी देशाबाहेर, कुटुंबाच्या खर्चाने गाठला गेला, ही नोंदही त्याच पानावर हवी.

२३/
२०२३च्या मोसमाअखेर मासेराती संघाने जेहानला फॉर्म्युला ईमध्ये पूर्णवेळ जागा दिली. १० फेब्रुवारी २०२४ला हैदराबादची दुसरी शर्यत ठरलेली होती. या वेळी हुसेन सागराच्या काठावर तो राखीव नसता, स्वतः कारमध्ये असता. डिसेंबरमध्ये तेलंगणात सरकार बदलले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शर्यत रद्द झाली. यजमानपदाचा करार मोडला गेल्याचा आक्षेप आयोजकांनी घेतला. काही दिवसांनी, १३ जानेवारीला, जेहानने मेक्सिको सिटीत पदार्पण केले. पुढे टोकियो, मोनॅको, शांघाय, लंडन येथे तो धावला. त्या मोसमाच्या वेळापत्रकात भारतातील एकही शर्यत उरली नव्हती.