काविळीच्या विषाणूचे कुळशील

२००९ साली गुजरातेतील साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा येथे कावीळ पसरली आणि अनेकांचे प्राण घेऊन गेली. ही कावीळ दूषित पाण्याची नव्हती. ती हिपॅटायटिस बी या विषाणूची होती आणि नीट निर्जंतुक न केलेल्या सुयांवाटे घरोघर पोहोचली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रुग्णांच्या रक्तातील विषाणूची जनुके वाचली, तेव्हा त्यांत घडलेले काही विशिष्ट बदल आणि मृत्यू यांचा संबंध उजेडात आला. जनुकवाचन हे केवळ पंडितांचे विलासकर्म नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

या विषाणूची जनुकसंहिता अवघी सुमारे ३२०० अक्षरांची. १९८८ साली जपानी संशोधकांनी तिच्यात आठ टक्क्यांहून अधिक भेद आढळल्यास कूळ निराळे मानावे, असा दंडक घालून चार कुळे ठरविली. आज ती 'ए' पासून 'जे' पर्यंत मोजली जातात. शेवटच्या एकदोहोंविषयी मतभेद आहेतच. (विषाणूचे नाव 'बी' आणि त्याच्या एका कुळाचेही 'बी', हा घोळ नामकरण करणाऱ्यांना टाळता आला असता!) आपल्या देशात 'डी' व 'ए' यांचा वावर अधिक, पूर्वेकडे 'सी'ही आढळते.

कूळ ओळखण्याचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे सारी संहिता वाचणे; परंतु तो खर्चाचा. म्हणून बहुधा विषाणूच्या बाह्य आवरणाचे जनुक तेवढे वाचतात. याहून स्वस्त रीत म्हणजे पीसीआरने जनुकाचा तुकडा वाढवून तो विकरांनी कापणे व खंडांच्या लांबीवरून कूळ ताडणे. कागदी पट्टीवर रंगीत रेघा उमटवून निदान करणारी पद्धतही आहे. एकाच रुग्णात दोन कुळे नांदत असतील, तर साध्या वाचनात अल्पसंख्य कूळ निसटते. पट्टीवर ते सापडण्याचा संभव अधिक. उलट, दोन कुळांच्या संकरातून विषाणू उपजला असेल, तर एकाच तुकड्यावर विसंबणारी प्रत्येक रीत फसू शकते.

मग ही तपासणी सरसकट प्रत्येक रुग्णाच्या माथी मारावी काय? आमच्या मते, मुळीच नाही. इंटरफेरॉनची टोचणी द्यावयाची असेल तर कूळ कळणे उपयुक्त, कारण 'ए' कूळ तिला 'डी'पेक्षा बरा प्रतिसाद देते. परंतु टेनोफोविर वा एंटेकाविरची गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या उपचारात कुळाने फरक पडत नाही, आणि प्रतिबंधक लस तर सर्व कुळांना पुरून उरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२२ अखेर जगातील शंभर बाधितांपैकी केवळ तेरांचे निदान झाले होते. ज्याला आपल्या रक्तात विषाणू आहे हेच ठाऊक नाही, त्याला त्याचे कुळगोत्र सांगून काय उपयोग? साधी रक्तचाचणी व औषधे २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली विनामूल्य मिळतात. तरीही आपल्याकडे डोळे पिवळे झाले की प्रथम झाडपाल्याचे औषध शोधले जाते.

कुळांची परीक्षा करणारी सज्जता मोठ्या संदर्भ प्रयोगशाळांत अवश्य असावी. साथ उद्भवताच नमुने तेथे विनाविलंब धाडले जावेत आणि त्याचा खर्च सरकारने सोसावा. आणि प्रसूतिगृहातील किती अर्भकांना जन्मानंतर २४ तासांच्या आत ही लस टोचली जाते, त्याचा आकडा आरोग्यखात्याने दरसाल, इस्पितळवार जाहीर करावा.