बंद यंत्राचा ताळेबंद



बँकेत दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते, ते बुडीत ठरत नाही. माळ्यावर पडलेल्या जुन्या यंत्राकडेही आपण याच दृष्टीने पाहावे. चालू होत नाही म्हणून ते भंगारात देणे जितके अयोग्य, तितकेच क्रम न जाणता ते उघडून बसणे अयोग्य.

उदाहरणादाखल टीआरएस-८० मॉडेल १०० हा संगणक घेऊ. १९८३ साली अमेरिकेतील टँडी कंपनीने आपल्या रेडिओ शॅक दुकानांतून तो विक्रीस आणला. त्याची निर्मिती जपानच्या क्योसेरा कंपनीची. वजन हलके, पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी, आणि चार पेन्सिल सेलवर सुमारे वीस तास काम. दौऱ्यावरील वार्ताहर त्यावर मजकूर लिहून टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत धाडीत. आज हौशी संग्राहक तो जपून वापरतात.

या यंत्रात माहिती साठवणारी चकती नाही. लिहिलेले सर्व काही जास्तीत जास्त ३२ किलोबाइट स्मृतीत राहते. यंत्र बंद असताना ती स्मृती जिवंत ठेवण्याचे काम आतील फळीवर डाखलेली एक छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी करते. ती पूर्ण भरलेली असेल तर ८ किलोबाइट स्मृती सुमारे तीस दिवस आणि ३२ किलोबाइट सुमारे आठ दिवस टिकते. पेन्सिल सेल किंवा अडॅप्टर जोडलेला असला की ती पुन्हा भरत राहते.

चार दशकांनंतर हीच बॅटरी घातक ठरते. तिच्यातील क्षारयुक्त द्रव पाझरतो आणि फळीवरील तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. म्हणजे जिने माहिती राखायची, तीच यंत्राचा नाश करते. पण ती काढताच स्मृतीतील मजकूरही जातो. त्यामुळे दुरुस्तीत क्रमाला महत्त्व आहे.

पहिले काम मुद्दल सुरक्षित करण्याचे. यंत्र थोडेही चालत असेल तर सर्व फायली ध्वनिफितीवर किंवा तारेने दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. पेचकस त्यानंतरच हाती घ्यावा.

पडदा कोराच दिसत असेल तर आधी बिनखर्चाच्या गोष्टी तपासाव्यात. पडद्याचा गडदपणा कमीजास्त करणारी चकरी फिरवून पाहावी. यंत्राच्या तळाशी स्मृतीचा स्वतंत्र खटका असतो, तो चालू आहे का हे बघावे. सेलच्या पट्ट्यांवर पांढरी अथवा हिरवट भुकटी जमली असल्यास ती पुसून काढावी. अडॅप्टर ६ व्होल्टचा असून त्याच्या पिनेचा मध्यभाग ऋण लागतो. आजच्या बहुतेक अडॅप्टरांत तो धन असतो, म्हणून घरातील कोणताही अडॅप्टर खुपसू नये, मल्टीमीटरने खात्री करावी. इतके करूनही यंत्र अडले तरच स्मृती पुसून नव्याने सुरू करण्याचा मार्ग पत्करावा, कारण त्यात सर्व मजकूर नाहीसा होतो.

यानंतर आतील बॅटरीची पाळी. तिच्या जागी ३.६ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी बसवावी. तेथे साधा लिथियम सेल थेट लावू नये. यंत्र त्याला भरू पाहील आणि तो भरण्यासाठी बनलेला नसल्याने धोका संभवतो. पाझरलेला द्रव क्षारधर्मी असल्यामुळे कापसावर थोडा व्हिनेगर घेऊन तो निष्प्रभ करावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावी. जुने कॅपॅसिटरही पाझरतात, तेही त्याच वेळी जाणकाराकडून बदलून घ्यावेत. काढलेल्या बॅटरीतील कॅडमियम विषारी आहे. ती केरात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्याकडे सोपवावी.

हा संगणक आपल्यापैकी क्वचितच कोणाकडे असेल. परंतु पेढीतील जुना कॅल्क्युलेटर, विजेरी, भिंतीवरील घड्याळ यांचीही हीच कथा आहे. जी वस्तू महिनोन्महिने वापरायची नाही, तिच्यातील सेल आजच काढून ठेवावेत. चार सेलांची किंमत ती किती? त्यांच्या गळतीने वस्तू मात्र कायमची जाते.